जुनी मॅन्शन आणि तिचा परिसर बघायला जाताना नेमकं काय बघायचं?

पायवाट

नमस्कार मंडळी,

सुट्टीत घरचे सगळे मिळून एक जुनी ऐतिहासिक मॅन्शन बघायला जायचं चाललंय. म्हणजे नुसतं घर नाही, भोवती मोठ्ठा परिसर, बागा, तळं, तबेले, झाडी असं सगळं असलेली. दोन-तीन नावांवर घोळ चालू आहे, पक्कं काहीच नाही, म्हणून नाव न घेता सरसकटच विचारते.

अशा ठिकाणी बघायचं काय आणि कसं हे मला नीट समजून घ्यायचंय. आपण आत शिरतो, दोरीच्या अलीकडून एक पलंग बघतो, मग झुंबर, मग कुणातरी उमरावाचं तैलचित्र, मग परत पलंग, आणि पाच-सहा दालनं झाली की सगळं एकमेकांत मिसळून जातं. बाहेर आल्यावर "केवढे श्रीमंत होते हे लोक" एवढंच मनात राहतं, त्यापलीकडे काही नाही. एवढं लांब जायचं, दिवस घालवायचा, तर त्या घराची काहीतरी ओळख व्हावी असं फार वाटतं.

बरोबर आई आहे, तिचे गुडघे दुखतात त्यामुळे जिने फारसे जमणार नाहीत, आणि मुलगा नऊ वर्षांचा, त्याला "हात लावू नको" ऐकायचा मनापासून कंटाळा येतो. घर आधी बघावं की बाग आधी? गाइड घ्यावा का? आणि या घरांमध्ये आत इतका अंधार का ठेवतात, बाहेर लख्ख ऊन आणि आत पडदे ओढलेले, हे काही मला कळत नाही.

उंबरठा

ताई, मला विचाराल तर आधी बाहेर. थेट दाराशी जाऊन रांगेत उभं राहू नका, ज्या रस्त्याने पूर्वी पाहुणे येत असत तो रस्ता कुठला ते विचारा आणि त्यातला निदान शेवटचा तुकडा चालून घराकडे या, कारण घराची पहिली झलक कुठून आणि कधी दिसावी हे बहुतेक ठिकाणी फार विचार करून ठरवलेलं असतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात बिल्टमोर म्हणून जी मॅन्शन आहे, १८९५ ची, तिचा परिसर फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने आखला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवाला ओल्मस्टेड. त्याने फाटकापासून घरापर्यंतचा सुमारे ३ मैलांचा रस्ता मुद्दाम दाट झाडीतून, ओढ्याच्या कडेने, वळणावळणाचा नेला, घर कुठेच दिसू दिलं नाही, आणि शेवटच्या वळणावर एकदम ते २५० खोल्यांचं घर समोर येतं. गाडी थेट पार्किंगला लावून मागच्या बाजूने शिरलात तर हे सगळं हुकतं.

दुसरं म्हणजे जे निसर्गासारखं दिसतं त्यावर पटकन विश्वास ठेवू नका. ती हिरवळ, ते वळणदार तळं, मधेच झाडांचा एक सुंदर पुंजका, हे कितीतरी ठिकाणी माणसाने केलेलं असतं. १८व्या शतकात इंग्लंडमध्ये लॅन्सलॉट ब्राउन होता, केपेबिलिटी ब्राउन म्हणूनच सगळे ओळखतात, त्याने शंभराहून जास्त इस्टेटींच्या जमिनी अशा घडवल्या. ब्लेनहाइम पॅलेसचं जे भव्य तळं आहे ते त्याने १७६० च्या दशकात ग्लाइम नावाच्या लहानशा नदीला बांध घालून तयार केलं. तिथला पूल त्याच्या आधीचा, वास्तुकार व्हॅनब्रूचा, आणि त्या पुलाच्या पोटात चक्क खोल्या होत्या. तळं भरलं तशा खालच्या खोल्या पाण्याखाली गेल्या! पुलावर उभं राहिल्यावर हे ठाऊक असलं की ते तळं बघायची नजरच बदलते.

आणि मुलाला एक काम द्या, कुंपण शोधायचं. घरातून बघितलं तर हिरवळ थेट लांब चरणाऱ्या मेंढ्यांपर्यंत सलग दिसते, मधे भिंत नाही तार नाही, तरी मेंढ्या बागेत कशा येत नाहीत? कारण मधे एक खोल चर असतो, घराकडच्या बाजूला उभी दगडी भिंत आणि पलीकडे उतार, त्यामुळे घराकडून तो अजिबात दिसत नाही. हा-हा म्हणतात त्याला. अगदी कडेशी गेल्याशिवाय सापडत नाही, मुलं खूश होतात (कडेला जपून मात्र, चांगला खोल असतो).

फ्रान्समध्ये पॅरिसजवळ वो-ल-विकाँत आहे, तिथे बागा आखणाऱ्या ल नोत्रने तर याच्या पुढची करामत केलीय. घराच्या पायरीवरून बघितलं की बाग एका नजरेत संपूर्ण दिसते असं वाटतं, टोकाला दगडी कमानी दिसतात, अगदी जवळ. चालायला लागलं की त्या पुढे पुढे सरकतात, आणि मधेच अचानक एक भलामोठा कालवा समोर येतो जो घरातून दिसतच नव्हता, कारण जमीन तिथे खाली उतरवलेली आहे. लांबचे हौद जवळच्यांपेक्षा मोठे केलेत म्हणजे डोळ्याला अंतर कळू नये. हे फोटोत कधीच कळणार नाही, पायांनीच कळतं. म्हणून म्हणतो बाग म्हणजे घर बघून झाल्यावर उरलेल्या वेळात उरकायची गोष्ट नव्हे.

घड्याळ

उंबरठा यांचं सगळं पटलं पण क्रम मी उलटा ठेवेन. बरोबर आई आहेत. घरात शिरण्याची वेळ बऱ्याच ठिकाणी तिकिटावर ठरलेली असते आणि सकाळी पहिल्या तासात दालनं रिकामी असतात, दुपारी एका दारात वीस माणसं अडकून उभी राहतात आणि वयस्क माणसाला तेच सगळ्यात त्रासाचं होतं. चालणं परवडतं पण एका जागी ताटकळणं नाही. तेव्हा सकाळी घर, मग कुठेतरी निवांत बसणं, मग बाग. बागेला उतरत्या उन्हाची वेळ तशीही चांगली, सावल्या लांब पडल्या की जमिनीचे उंचवटे, जुन्या वाटांच्या खुणा, बुजवलेल्या वाफ्यांच्या रेघा हे सगळं उठून दिसतं. भर दुपारी सपाट हिरवं दिसतं फक्त.

चौकट

घराच्या आत काय बघायचं त्याबद्दल लिहितो, मोठं होईल, सांभाळून घ्या.

पलंग, झुंबर हे लक्षात राहत नाही कारण आपण एकेक वस्तू बघत जातो. त्याऐवजी प्रत्येक खोलीत शिरल्यावर स्वतःला दोनच प्रश्न विचारा. इथपर्यंत यायची परवानगी कुणाला होती? आणि इथलं काम कोण करत होतं, ते माणूस कुठल्या वाटेने यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दारांमध्ये असतं. १७व्या-१८व्या शतकातल्या मोठ्या घरांत मुख्य दालनांची दारं एका सरळ रेषेत असतात, पहिल्या दारात उभं राहिलं की शेवटच्या खिडकीपर्यंत नजर जाते. हे नुसतं शोभेसाठी नाही. बाहेरच्या दालनात कुणीही थांबायचं, पुढच्यात ओळखीचे, त्यापुढच्यात मानाचे, आणि अगदी आतल्या लहानशा खोलीपर्यंत पोचणारा म्हणजे फारच खास माणूस. जसजसं आत जाल तसतशा खोल्या लहान होत जातात आणि सजावट भारी होत जाते. हे एकदा डोक्यात बसलं की दालनं एकमेकांत मिसळत नाहीत, कारण तुम्ही मग त्या घराच्या शिडीवर चढत असता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भिंतीत. भिंतीवरच्या कागदात किंवा भिंतीला लावलेल्या लाकडी फळ्यांत बारीक सरळ फट दिसते का बघा, खाली घासल्याची खूण, एखादं छोटं कुलूप. ते नोकरांचं दार. भिंतीचाच रंग, भिंतीचीच नक्षी, बंद केलं की गायब. त्यामागे अरुंद जिना, साध्या फळ्या, उघड्या विटा. दाराच्या अलीकडे सोन्याचा मुलामा आणि पलीकडे चुना, अंतर एका फळीचं. खाली कॉरिडॉरमध्ये घंटांची रांग असते, प्रत्येक घंटा तारेने एकेका खोलीला जोडलेली, प्रत्येकीचा आवाज वेगळा म्हणजे न बघता कळावं कुठून बोलावणं आलंय. आणि घंटा थांबल्यावरही खालचा लोलक थोडा वेळ हलत राहतो, म्हणजे लांबून धावत आलेल्याला कळावं कुठली वाजली होती. त्या लोलकाकडे बघताना मला तिथे धावणारी माणसं डोळ्यांपुढे येतात, वरच्या कुठल्याही तैलचित्रापेक्षा जास्त.

म्हणून वेळ कमी असेल तर एखादं शयनगृह सोडा पण मुदपाकखाना, भांडी घासायची खोली, धुण्याची खोली, तबेले सोडू नका. वेल्समध्ये एर्डिग नावाचं घर आहे, तिथल्या यॉर्क घराण्याने १८व्या शतकापासून आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, नंतर फोटो, आणि त्यांच्यावर कविता सुद्धा लिहून ठेवल्या. सुतार, शिकाररक्षक, मोलकरीण, सगळे नावानिशी भिंतीवर आहेत. १९७३ मध्ये ते घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेकडे आलं आणि त्यांनी लोकांना आत न्यायची वाटच कामाच्या आवारातून आणि नोकरांच्या भागातून ठेवली. असं घर दुर्मिळ. बाकी बहुतेक ठिकाणी ही माणसं आपल्याला शोधावी लागतात.

अमेरिकेत थॉमस जेफर्सनचं, तिथल्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं, घर माँटिसेलो बघा. जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही अंगांना छोट्या लिफ्ट दडवलेल्या आहेत, खाली तळघरातून वाइनची बाटली वर यायची. एक दार मधल्या खिळीवर गोल फिरणारं, त्याच्या पाठीला फळ्या, बाहेरून त्यावर ताटं ठेवायची आणि दार फिरवलं की जेवण आत. सगळे म्हणतात काय हुशार माणूस. हुशार होताच. पण ही सगळी यंत्रणा कशासाठी, तर ते जेवण करणारी आणि वाढणारी माणसं पाहुण्यांना कमीत कमी दिसावीत म्हणून, आणि ती माणसं गुलाम होती. जेफर्सनच्या मालकीची आयुष्यभरात मिळून ६०० हून जास्त माणसं होती. १८२६ मध्ये तो वारला, डोक्यावर प्रचंड कर्ज, आणि १८२७ च्या जानेवारीत त्याच घराच्या आवारात त्यातल्या बऱ्याच जणांचा लिलाव झाला, कुटुंबं विखुरली. आता तिथे मलबेरी रो म्हणून जी वाट आहे, जिथे त्यांच्या झोपड्या आणि कामाच्या शेड होत्या, तिथून फिरवून ही गोष्ट नीट सांगतात. घर बघणार असाल तर ती वाट आधी चाला असं मी म्हणेन.

निळाई

चौकट, तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे, पण मला प्रामाणिकपणे वाटतं की पायवाट ताई आईला आणि लेकराला घेऊन एक दिवस आनंदाने घालवायला चालल्यात. प्रत्येक खोलीत पैसा कुठून आला, कोण राबलं हेच बघत बसलं तर ज्या कारागिरांनी ती छतं कोरली, ती चित्रं रंगवली त्यांचं काम कोण बघणार? सुंदर वस्तू सुंदर म्हणून बघायला मिळाली पाहिजे ना. गिबन्सचं लाकडी कोरीवकाम बघा कुठे मिळालं तर, ग्रिन्लिंग गिबन्स, १७व्या शतकातला, लिंडन नावाच्या झाडाच्या मऊ लाकडातून फुलं, फळं, पक्षी इतके पातळ कोरलेत की पाकळी मोडेल असं वाटतं. त्यापुढे मी तरी निःशब्द उभी राहते आणि मला तेव्हा दुसरं काही आठवावंसं वाटत नाही.

चौकट

निळाई ताई, गिबन्सचं काम मलाही फार आवडतं आणि त्यापुढे उभं राहून हिशोब मांडा असं मी म्हणत नाहीये. कारागिरांचं म्हणालात तर तीही राबणारीच माणसं, त्यांना बघा हेच माझं म्हणणं आहे. पण एक सांगतो, पैसा कुठून आला हे कळल्यावर घर कमी सुंदर होत नाही, ते समजायला लागतं. यॉर्कशायरमधलं हेअरवुड हाउस घ्या, १७५९ मध्ये पाया घातला, आतलं काम रॉबर्ट ॲडमचं, फर्निचर चिपेंडेलचं, बाहेर ब्राउन, म्हणजे त्या काळातली सगळी मोठी नावं एका घरात. एवढी सगळी नावं एका माणसाला परवडली कशी? लासेल्स घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या साखरेच्या मळ्यांचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. हे घराचे ट्रस्टवाले स्वतःच सांगतात, लपवत नाहीत.

आणि आपल्याला तर हा प्रश्न जास्तच जवळचा आहे. बर्कशायरमधलं बॅसिल्डन पार्क फ्रान्सिस साइक्सने बांधलं ते ईस्ट इंडिया कंपनीत बंगालमध्ये मिळवलेल्या पैशावर. वेल्समधल्या पॉविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याचा संग्रह आहे, त्यात टिपू सुलतानचा छापील सुती कापडाचा तंबू आहे, फुलांचा, अतिशय देखणा. तो देखणा आहे हेही खरं आणि तो तिथे का आहे हेही खरं. नऊ वर्षांच्या मुलालाही हे दोन्ही सांगता येतं, मुलांना ते आपल्यापेक्षा सहज कळतं.

निळाई

तंबूचं माहीत नव्हतं. हे पटलं. तरी आई बरोबर असताना दोन्ही थोडं थोडं असू द्या एवढंच माझं म्हणणं.

कोरडीहवा

अंधाराचा प्रश्न कुणीच घेतला नाही म्हणून लिहिते, मी जुन्या कापडांच्या जतनाच्या कामात आहे.

प्रकाशाने रंग उडतो आणि धागा कमजोर होतो, आणि हे नुकसान साठत जातं, भरून कधीच येत नाही. रेशमी पडदा आज दोन तास उजेडात राहिला, उद्या दोन तास, तर ते चार तास त्याच्या हिशोबात कायमचे लिहिले जातात. म्हणून कापड, जलरंगातली चित्रं, जुने कागद यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू नये असं आमच्याकडे धरतात. बाहेर कडक उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात असतो, त्यामुळे उन्हातून आत आलं की काळोख वाटणारच. दारातून आत आल्यावर लगेच पुढे जाऊ नका, दोन-तीन मिनिटं तिथेच थांबा, डोळे स्थिरावले की बरंच दिसायला लागतं. काही घरं हिवाळ्यात बंद ठेवतात ती पण त्यासाठीच, विश्रांती मिळते वस्तूंना, आणि त्या काळात मऊ ब्रशने एकेक पुस्तक, एकेक चौकट साफ करतात.

आता हेच उलटं वापरा. मूळ रंग शोधा. पडद्याच्या घडीच्या आत, खुर्चीच्या पाठीमागच्या बाजूला, किंवा भिंतीवर जिथे वर्षानुवर्षं चित्र टांगलेलं होतं तिथे गडद चौकोन दिसतो, तो त्या खोलीचा खरा रंग. आज जी खोली फिकट पिवळसर दिसते ती मुळात भडक लाल असू शकते. म्हातारी झालेली खोली आपण बघतोय हे कळलं पाहिजे.

हात न लावण्याचं मुलाला कारण सांगा, नुसता नियम नको. बोटांवर घाम आणि तेल असतं, एका माणसाने काही होत नाही पण वर्षाला लाखभर माणसांनी एकाच कठड्याला हात लावला तर मुलामा जातो. टोकदार टाचांना बंदी असते तीही याचसाठी, सगळं वजन नखाएवढ्या जागेवर येतं आणि लाकडी जमिनीत खड्डा पडतो. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला लावतात कारण वळताना मागचं दिसत नाही. आणि इंग्लंडमध्ये काही घरांत ज्या खुर्च्यांवर बसायचं नाही तिथे पाइनचं फळ किंवा काटेरी बोंड ठेवलेलं असतं, पाटी नाही काही नाही. मुलाला ते शोधायला लावा. ज्या खुर्चीवर काही नाही ती बहुतेक वेळा बसायचीच असते, तरी आईंना बसवण्याआधी तिथल्या माणसाला एकदा विचारा, ते आनंदाने दुसरी आणूनही देतात.

पायवाट

अरे बापरे, इतकं सगळं लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. पडद्याच्या घडीतला रंग हे तर मी नक्की बघणार.

एक अजून विचारते. तिथे बऱ्याचदा सांगतात की हे छत नंतर परत केलंय, ही भिंत नवीन आहे, हे फर्निचर या घरातलं नाही, त्या काळातलं दुसरीकडून आणलंय. मग आपण जे बघतोय त्याला खरं म्हणायचं का? आई म्हणते मग नुसतं देखावाच की तो. मला तिला उत्तर देता आलं पाहिजे.

उंबरठा

आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्यावर ही घरं सांभाळणाऱ्या लोकांचंही एकमत नाही. दोन घरं शेजारी ठेवून बघा. अपपार्क, ससेक्समधलं, ३० ऑगस्ट १९८९ ला दुरुस्ती चालू असताना आग लागली, वरचे मजले कोसळले. खालच्या मजल्यावरच्या वस्तू लोकांनी हातोहात बाहेर काढल्या, राखेतून तुकडे गोळा केले, आणि ठरवलं की आगीच्या आदल्या दिवशी जसं होतं तसं उभं करायचं. १९९५ ला परत उघडलं. त्यासाठी गिलाव्याची नक्षी हाताने घडवण्याची जी कला जवळजवळ गेली होती ती कारागिरांनी नव्याने शिकून घेतली. आता क्लँडन पार्क, २०१५ च्या एप्रिलमध्ये आग, आतलं जवळपास सगळं गेलं. तिथे आधी बरंच पुन्हा बांधायचं चाललं होतं पण नंतर ठरलं की नाही, विटांच्या उघड्या भिंती, जळून बाहेर आलेली बांधणी तशीच ठेवायची आणि लोकांना ती दाखवायची. दोन्ही निर्णयांवर कडाक्याचं भांडण झालं. माझं मत अपपार्कच्या बाजूने आहे, कारण तिथे वस्तू वाचल्या होत्या आणि त्यांना त्यांची खोली परत मिळाली. क्लँडनमध्ये नवं करून मांडलं असतं तर त्यात मांडायला फारसं काही उरलंच नव्हतं.

आणि खोटेपणा म्हणाल तर तो मुळातच असायचा या घरांत. जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन लांबून दगडी वाटतं. दगड नाही, पाइनच्या फळ्या आहेत, कडा तिरप्या तासून दगडाच्या चिऱ्यांसारख्या केलेल्या आणि ओल्या रंगावर वाळू मारलेली. हे त्याने स्वतःच करून घेतलेलं. म्हणजे इथे अस्सल काय, तर ती नक्कलच अस्सल. बंद खिडक्यांचंही तसंच, इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता म्हणून विटांनी बुजवल्या असं सगळीकडे सांगतात आणि काही खरंच त्यामुळे बुजवल्या, पण कितीतरी पहिल्यापासूनच खोट्या असतात, आत जिना किंवा धुराडं आलं तरी बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. विटांची सांधेजोड भोवतीच्या भिंतीत एकसंध गुंतलेली दिसली तर ती मुळातलीच.

आईंना सांगा, काय जुनं काय नवं हे जे घर स्वतःहून सांगतं ते विश्वासाचं.

घड्याळ

मुलासाठी: यंत्रं शोधा. क्रॅगसाइड, नॉर्थम्बरलँडमधलं, विल्यम आर्मस्ट्राँग नावाच्या इंजिनिअरचं घर, तिथे १८७८ मध्ये परिसरातल्या पाण्यावर वीज करून दिवा लावला आणि १८८० मध्ये जोसेफ स्वानचे नवे बल्ब. जलविजेवर उजळलेलं जगातलं पहिलं घर म्हणतात त्याला. पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट, मांस भाजायची सळई आपोआप फिरवणारं यंत्र, आणि बाहेर ते पाणी जिथून यायचं ती तळी चालत जाऊन बघता येतात. घर आणि परिसर एकच यंत्र आहे हे तिथे मुलाला दाखवता येतं.

इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या घराचं एम्परर कारंजं पण तसंच. १८४४ मध्ये जोसेफ पॅक्स्टनने केलं, पंप नाही, मोटर नाही. मागच्या डोंगरावर ८ एकरांचं तळं खणलं आणि तिथून पाइपने पाणी खाली आणलं, नुसत्या उंचीच्या दाबाने ते ९० मीटरपर्यंत उडाल्याची नोंद आहे. रशियाच्या झारसाठी घाईघाईने केलं आणि झार आलाच नाही. तिथेच पायऱ्यांवरून वाहणारा धबधबा आहे, १७व्या शतकाच्या शेवटचा, त्याचे टप्पे मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे आहेत, त्यामुळे पाण्याचा आवाज प्रत्येक टप्प्यावर बदलतो. डोळे मिटून चढायला सांगा त्याला, हात धरून. आणि आत संगीताच्या दालनात एका दारावर खिळ्याला व्हायोलिन टांगलेलं आहे, ते रंगवलेलं आहे, पुढ्यात जाईपर्यंत कळत नाही.

माँटिसेलोला गेलात तर प्रवेशदालनातलं घड्याळ. तोफगोळ्यांसारखी वजनं दोरीला लटकतात आणि आठवडाभर खाली उतरत जातात, भिंतीवर वार लिहिलेत, वजन ज्या वारापाशी तो आज. पण खोलीची उंची आठवड्याला पुरली नाही म्हणून जमिनीला भोक पाडलं आणि शनिवार तळघरात आहे. हे मुलं विसरत नाहीत.

कोरडीहवा

बर्फ साठवायची खोली राहिली सगळ्यांची! बहुतेक इस्टेटींवर तळ्याजवळ झाडांच्या सावलीत मातीचा एक उंचवटा असतो, त्याला बुटकं दार, आत विटांचा खोल अंड्यासारखा खड्डा. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून गवताच्या थरात भरायचे आणि तो उन्हाळ्यापर्यंत टिकायचा. तळाला पाणी निघून जायला वाट असते, ती नसती तर वितळलेल्या पाण्याने बाकीचाही गेला असता. आणि भाजीबागेची भिंत बघा, उंच विटांची. काही भिंती आतून पोकळ आहेत, खाली जाळ करून धूर आतून फिरवायचे म्हणजे भिंत गरम राहायची आणि तिला चिकटून वाढवलेल्या पीचच्या झाडांचा मोहर थंडीने जायचा नाही. भिंतीच्या तळाशी जाळ करायच्या जागेचं छोटं तोंड सापडतं नीट बघितलं तर.

पायवाट

मुलगा शेजारी बसून वाचतोय, शनिवार तळघरात ऐकल्यापासून त्याला तिकडेच जायचंय :) गाइडचं तेवढं सांगा कुणीतरी.

चौकट

ग्रुप टूर आईंना जड जाईल, सगळ्यांच्या वेगाने चालावं लागतं आणि मधे बसता येत नाही. टूर सक्तीची नसेल अशा ठिकाणी स्वतःच फिरा आणि प्रत्येक दालनात जे स्वयंसेवक उभे असतात त्यांच्याशी बोला. त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं त्याच खोलीत उभे राहिलेले असतात. "या खोलीत लोकांच्या नजरेतून काय सुटतं?" एवढंच विचारा, घंटेची कळ, भिंतीतलं दार, काचेवर हिऱ्याने कोरलेलं नाव, काहीतरी दाखवतातच, आणि मुलाने विचारलं तर जास्तच खुलतात. माँटिसेलोसारख्या ठिकाणी घर टूरबरोबरच बघावं लागतं, तिथे बुकिंग करताना आईंचं आधी कळवा. वरच्या मजल्यांचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असतात, ते सोडून फक्त तळमजला आणि बाहेरचा परिसर धरला तरी दिवस पुरत नाही. फाटकापासून घरापर्यंत ने-आण करणारी छोटी गाडी बऱ्याच जागी असते पण ती मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही, तिकीट घेतानाच विचारून ठेवा, परत येतानाची शेवटची फेरी कितीला ते पण.